समईला वारा चालत नाही

आमच्या बडोद्याला डोंगर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पॅराग्लायडिंग क्लब म्हटलं की लोक पहिल्यांदा तेच विचारतात, आणि विचारताना असे हसतात, जणू क्लब काढून बसलो तरी आमच्या ते लक्षातच आलं नव्हतं. डोंगर नाही, पण हालोलच्या रस्त्याला, पावागडच्या बरीच अलीकडे एक बोडकी टेकडी आहे. तिच्या माथ्यावरून निघालं की खालच्या पडीक शेतात उतरेपर्यंत माणूस मिनिटभर हवेत राहतो. हिशेबखात्यातल्या माणसाला तेवढं पुष्कळ होतं.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा सुमार होता. देशाचे दरवाजे उघडले होते. त्यांतून आधी परदेशी शाम्पू आला, मग घराघरांत केबल आली, आणि शेवटी परदेशात वापरून झालेले तीन पॅराग्लायडर घेऊन विक्रमसिंह आले. हा गृहस्थ कुठल्याशा पहाडात उडायला शिकला होता आणि बोलायला मात्र शिकायचा राहिला होता. त्याने पहिल्या दिवशी आम्हाला एवढंच सांगितलं, की डोक्यावर कापडाचा पंख असतो, पंखाला दोऱ्या असतात, दोऱ्यांच्या टोकाला पट्ट्यांचं हार्नेस असतं आणि हार्नेसमध्ये आपण असतो. दोन हातांत दोन ब्रेक. डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. मग जरा थांबून तो म्हणाला, की शक्यतो काहीच ओढू नका.

हे मला जमेना. माझे हात गप्प बसत नाहीत. घरात मी चालत्या पंख्याचा रेग्युलेटर फिरवतो, लागलेला रेडिओ पुन्हा लावतो, आणि एकदा चांगल्या चाललेल्या कुकरची शिटी सरळ करायला गेलो तेव्हापासून पूर्णिमाने, म्हणजे माझ्या पत्नीने, मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच मुभा दिली आहे. टेकडीच्या पायथ्याशी सरावाच्या उड्या मारतानाही तेच व्हायचं. पंख छान वर यायचा, पाय जमिनीपासून वीतभर सुटायचे, आणि मला वाटायचं, काहीतरी केलं पाहिजे. मी ते करायचो. मग विक्रमसिंह येऊन मला बाभळीतून बाहेर काढायचे.

क्लबकडे हार्नेस सहाच. आत यायला माणसं रांगेत. म्हणून विक्रमसिंहांनी नियम केला होता, की मोसम संपेपर्यंत जो माथ्यावरून एकदाही उडणार नाही, त्याचं हार्नेस रांगेतल्या पुढच्या माणसाला जाईल. बाकी पाचही जण एकदा-दोनदा उडून आले होते. राहिलो होतो मी. आणि रांगेत पुढे उभा होता समरजित, आमच्या शेजारच्या प्रतापसिंहरावांचा जावई.

प्रतापसिंहराव हे प्रकरण मला जरा सांगायलाच हवं. तरसालीला आमच्या सोसायटीत त्यांची आणि आमची भिंत एकच आहे. त्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत घोडेस्वार होते. आमचं कारखानिसांचं घराणं संस्थानच्या दप्तरातलं. त्यांच्या पणजोबांनी घोडा मागायचा आणि आमच्या पणजोबांनी त्या अर्जावर त्रुटी काढायच्या, असं दोन पिढ्या चाललं होतं. संस्थान गेलं, घोडे गेले, प्रतापसिंहराव विमा कंपनीतून निवृत्त झाले, पण ती त्रुटी ते विसरले नव्हते. मी क्लबचा चिटणीस, म्हणून स्वतः दोनदा उडून आल्यापासून ते मला "जमिनीवरचे चिटणीस" म्हणत. सोसायटीत हे नाव दूधवाल्यापर्यंत पोचलं होतं.

मला उडायचं होतं. हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो, कारण छत्तीस इंच छातीच्या आणि चाळीस इंच कमरेच्या माणसाने असं बोललं की लोक डॉक्टरचं नाव सुचवतात. पण रोज सकाळी कंपनीच्या बसमधून नंदेसरीला जाताना मी खिडकीतून घारी बघत असे, आणि त्यांच्याकडे कुठलंही काम न करता वर राहण्याची जी सोय आहे, तिचा मला खरोखर मत्सर वाटत असे. हार्नेस गेलं असतं तर मी नुसता चिटणीस उरलो असतो, आणि ते मला सोसलं नसतं.

तेव्हा मी एक युक्ती काढली. नवख्यांसाठी मैत्रीपूर्ण स्पर्धा घ्यायची. खाली शेतात चुन्याचं वर्तुळ काढायचं, आणि जो त्याच्या मध्याच्या जास्तीत जास्त जवळ उतरेल त्याला ढाल. स्पर्धकांत माझं नाव घालायचं. लोक जमतील, पूर्णिमा बघत असेल, आणि मग मला माघार घेता येणार नाही, असा तो स्वतःलाच पेचात पकडण्याचा डाव होता. विक्रमसिंह म्हणाले, शनिवारी दुपारी घ्या, तासाभरात होईल. बिचाऱ्याला मराठी मंडळांचा अनुभव नव्हता.

पहिली अडचण परवानगीची. एका सरकारी कचेरीत मी अर्ज घेऊन गेलो. तिथला कारकून फार सज्जन होता. त्याने मला चहा पाजला, अर्ज दोनदा वाचला, छापील फॉर्मवरून बोट फिरवलं आणि दुःखाने मान हलवली.

"साहेब, आमां उडवानुं खानुंज नथी."

फॉर्मवर सभा होती, मेळा होता, नाटक होतं आणि मिरवणूक होती. मिरवणूक जवळची वाटत होती, पण मिरवणुकीच्या पुढे पोलीस चालावा लागतो, आणि तो हवेत कसा चालणार, असा त्याचा बिनतोड सवाल होता. शेवटी आम्ही दोघांनी मिळून सभेवर शिक्का मारला. चार ते सहा जाहीर सभा, अध्यक्षांच्या हस्ते रीतसर उद्घाटन, त्यानंतर करमणुकीचा कार्यक्रम. करमणूक म्हणजे आमचं उडणं. मला त्यात काही गैर दिसलं नाही. दप्तरातलं रक्त असल्यामुळे उलट कागद योग्य खान्यात गेल्याचं समाधानच वाटलं.

सभा म्हटल्यावर अध्यक्ष हवे. निवृत्त मुख्याध्यापिका इंदिराबाईंना विचारलं. बाईंनी मला शिकवलंय, आणि आमच्या निम्म्या क्लबला शिकवलंय. त्यांच्यासमोर आजही आम्ही नखं कापलेली आहेत का ते आधी बघतो. बाई लगेच हो म्हणाल्या, आणि त्यांनी विचारलं, नियम लिहिलेत का. मी नियम लिहायला बसलो. तेवढ्यात प्रतापसिंहरावांनी मागणी केली, की त्यांचे पणजोबा दसऱ्याच्या स्वारीत पुढे असत, तेव्हा स्पर्धेच्या आधी एक मानाचं उड्डाण त्यांचं व्हावं. मी सभ्यपणे नकार दिला आणि नियमांत एक कलम घातलं: "उद्घाटनापूर्वी झालेले कोणतेही उड्डाण ग्राह्य धरले जाणार नाही." ते कलम मला इतकं आवडलं की मी ते पूर्णिमाला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अहो, कशाला उगाच.

मग क्रम ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या आणि पहिली माझीच निघाली. दुसरी प्रतापसिंहरावांची. पुढे आठवडाभर ते भिंतीपलीकडून मोठ्याने खाकरत होते.

शेजाऱ्यांचा सल्ला न घेता काही करायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि न मागता तो देण्याची मात्र आहे. समोरच्या कोकिलाबेनना उडण्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न होता, नास्तामां शुं छे. सेव-उसळ म्हटल्यावर त्यांनी सबंध महिलामंडळाची जबाबदारी घेतली. वर असंही सुचवलं, की बाई अध्यक्ष आहेत, तर दीप प्रगटाववो पडे. दीपप्रज्वलनाशिवाय सभा सुरू झाल्याचं बडोद्यात कुणी पाहिलेलं नाही. इंदिराबाईंनी ते लगेच उचलून धरलं. पूर्णिमाने माहेरची पितळी समई काढली, चिंच लावून घासली, आणि अशा रीतीने त्या स्पर्धेच्या मुळावर आम्ही सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, घाव घातला. कारण पंखाला वारा लागतो आणि समईला तो चालत नाही, हे त्या सोसायटीतल्या, क्लबातल्या आणि महिलामंडळातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. विक्रमसिंहांच्या आलं असतं, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी चारला आम्ही माथ्यावर होतो. टेम्पोतून सतरंज्या, खुर्च्या, लाउडस्पीकर, समई आणि उसळीचं पातेलं आलं होतं. विक्रमसिंह खाली शेतात वर्तुळापाशी हिरवं निशाण आणि भोंगा घेऊन उभे होते. वर कुणीही पंखाला स्वतःला जोडून घ्यायचं नाही, मी निशाण दाखवल्यावरच जोडायचं, असं ते बजावून गेले होते. वारा सुरेख होता. दरीकडून सरळ वर येत होता, एकसारखा, जसा पुस्तकात असतो तसा. आमचे उडणारे लोक त्याच्याकडे आशेने बघत होते, आणि इंदिराबाई काडी ओढत होत्या.

पहिली काडी विझली. दुसरी विझली. मग एक वात लागली आणि दुसरीकडे मेणबत्ती नेईपर्यंत पहिली गेली. पुठ्ठ्याचा आडोसा झाला, तो उडाला. छत्री उघडली, ती उलटी झाली. कुणीतरी प्रतापसिंहरावांच्या केशरी फेट्याकडे पाहिलं. त्यांनी त्या माणसाकडे असं पाहिलं, की तो विषय तिथेच संपला. पायथ्याच्या चहावाल्याकडून कंदिलाची काच आणायची सूचना आली, पण काचेतली समई म्हणजे कंदीलच, आणि कंदील लावून आपण सभा सुरू करणार नाही, असं बाईंनी सांगितलं. आधी उडून घेऊ आणि मग दिवा लावू, असं एकजण हळूच म्हणाला. बाईंनी मला माझंच कलम मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं.

इथे माझ्याकडून एक गोष्ट झाली. फोटोग्राफर म्हणाला, साहेब, पहिले तुम्ही उडणार, तर दिवा लावतानाच्या फोटोत तुम्ही पट्ट्यांत असाल तर फोटो जोरदार येईल. मला ते पटलं. मी हेल्मेट घातलं, हार्नेस चढवलं, आणि मागे गवतावर पसरलेल्या पंखाला दोऱ्या जोडून घेतल्या. फोटोपुरत्याच. मग समईच्या मागे, दरीकडे तोंड करून उभा राहिलो. एका हातात बाईंना द्यायची मेणबत्ती, दुसऱ्या हातात काडेपेटी.

समईला आता चहूकडून आडोसा करायचा ठरलं. दरीच्या बाजूला महिलामंडळ पदर पसरून ओळीने उभं राहिलं. डाव्या-उजव्या बाजूंना पुरुष उभे राहिले. मागची बाजू तेवढी मोकळी होती. माझ्या मागच्या पंखाकडे बघून कोकिलाबेनना कल्पना सुचली, की पेली मोटी छत्री नुसतीच पडली छे, एने ऊभी करो ने. पाचही वैमानिकांनी, ज्यांना निदान कळायला हवं होतं, माझ्या मागचा पंख कडांनी धरला आणि पडद्यासारखा उभा केला. आत एकदम शांत झालं. एक वात लागली. दुसरी लागली. पाचही लागल्या. समईच्या त्या उजेडात बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

"लेडीज, जरा बाजूला," फोटोग्राफर म्हणाला. "दिवा दिसत नाही."

महिलामंडळ बाजूला झालं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. दरीकडून आलेला सगळा वारा आत शिरला, समई विझली, आणि मागे काहीतरी भलं मोठं फडफडलं. वैमानिकांच्या हातांतून पंख सुटला. मला कुणीतरी बगलांत हात घालून उचललं. मी एका पायाने समई ओलांडली, दुसऱ्या पायाने सतरंजी ओलांडली, आणि तिसरं पाऊल ठेवायला गेलो तर खाली टेकडी नव्हती.

मागून लाउडस्पीकरवर बाईंचा आवाज आला. "कारखानीस, कुठे चाललास?"

काहीतरी केलं पाहिजे, असं मला नेहमीप्रमाणे वाटलं. पण एका हातात मेणबत्ती होती आणि दुसऱ्या हातात काडेपेटी. मेणबत्ती इंदिराबाईंची आणि काडेपेटी पूर्णिमाची, आणि या दोघींपैकी कुणाचीही वस्तू हरवून घरी जायची माझी छाती नाही. मी दोन्ही घट्ट धरल्या. ब्रेक डोक्याशेजारी लोंबत राहिले. खालून विक्रमसिंह भोंग्यातून ओरडत होते, की काही करू नका, काही करू नका, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी काही केलं नाही.

आणि मी उडत होतो. आवाज बंद झाले. पायांखाली बोरी होत्या, तुरीची शेतं होती, हालोलच्या रस्त्यावरून एक एसटी चालली होती. उजवीकडे, माझ्यापेक्षा थोडी खाली, एक घार होती. तिने मान वळवून माझ्याकडे, मग मेणबत्तीकडे पाहिलं. मी सुखी होतो. दुसरा शब्द मला सापडत नाही, आणि त्या वेळी शोधावासाही वाटला नाही. मग जमीन जरा लगबगीने वर आली, मी बसल्याबसल्या तिच्यावर आपटलो, आणि चुन्याचा एक ढग उडाला.

तो बसला तेव्हा दिसलं, की मी वर्तुळाच्या बरोबर मध्यावर आहे. विक्रमसिंह धावत आले. आधी त्यांनी माझी हाडं तपासली आणि मग वर कुणाच्या परवानगीने जोडून घेतलंत म्हणून मला असं झापलं, की तेवढं बोलणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. शेवटी त्यांचं लक्ष माझ्या मुठींकडे गेलं. त्यांनी एक मूठ उलगडून काडेपेटी पाहिली.

"असं आहे होय," ते म्हणाले.

पूर्णिमा खाली उतरून आली होती. धापा टाकत होती. तिने माझ्या केसांतला चुना झटकला, काडेपेटी काढून घेतली, आणि आतल्या काड्या शाबूत आहेत की नाही ते पाहिलं. मग तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. चुना गेला म्हणाली.

वर मात्र सभा चालूच होती. लाउडस्पीकरवरून बाईंनी जाहीर केलं, की दिवा विझल्यामुळे उद्घाटन झालेलं नाही, आणि कारखानीस यांनीच लिहिलेल्या नियमानुसार कारखानीस यांचं उड्डाण ग्राह्य धरता येत नाही. नंतर प्रयत्न पुन्हा सुरू झाले. साडेपाचच्या पुढे, उन्हं उतरल्यावर, पाचही वाती एका काडीत लागल्या आणि ज्योती जागच्या हलेनात. टाळ्या झाल्या. बाईंनी स्पर्धा सुरू झाल्याचं घोषित केलं. त्या स्थिर ज्योतींकडे बघून वैमानिकांचे चेहरे हळूहळू पडत गेले. प्रतापसिंहराव फेट्यावर हेल्मेट बसत नाही म्हणून फेटा काखेत मारून तीन वेळा दरीकडे धावले. तिसऱ्यांदा ते थांबलेच नाहीत आणि पंख मागे ओढत पायीच वर्तुळापर्यंत आले. ढाल खोक्यात परत गेली. उसळ मात्र उत्तम झाली होती.

आता प्रश्न माझ्या हार्नेसचा. शिस्त मोडली म्हणून विक्रमसिंहांनी मला दोन आठवडे पंखाला हात लावायला बंदी केली होती, आणि ते योग्यच होतं. पण मोसम संपत आला होता. माथ्यावरून मी उडालो की नाही, हे क्लबच्या सभेने ठरवावं, असं ते म्हणाले. पुढच्या रविवारी इंदिराबाईंच्या दिवाणखान्यात सभा भरली. प्रतापसिंहराव समरजितला नवे बूट घालून घेऊन आले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. उड्डाण ग्राह्य नाही, म्हणजे ते झालं नाही. झालं नाही, म्हणजे हार्नेस समरजितचं. यात खोट काढणं मला शक्य नव्हतं, कारण कलम माझं होतं आणि ते चांगलं लिहिलेलं होतं. मी हार्नेस घडी करून पिशवीतून आणलंच होतं. ते मांडीवर घेऊन मी बसलो होतो, आणि पट्ट्या पुन्हा पुन्हा सरळ करत होतो.

बाई निकाल सांगणार, तेवढ्यात प्रतापसिंहराव म्हणाले, की त्यांचा आणखी एक ठराव आहे. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी. त्यांनी तो टाइप करून आणला होता. उभे राहून, पागेत हुकूम वाचावा तसा त्यांनी वाचला. "उड्डाण करताना स्पर्धकाने हातात मेणबत्ती अथवा काडेपेटी धरू नये. त्याने गैरवाजवी फायदा होतो, हे क्लबने प्रत्यक्ष पाहिले आहे."

बाईंनी चष्मा काढला.

"प्रतापसिंह, कधी पाहिलं?"

प्रतापसिंहरावांनी कागद जरा खाली घेतला.

"उड्डाण झालंच नसेल तर हा ठराव कशाला? आणि ठराव हवा असेल तर उड्डाण झालं. दोन्हीपैकी एक सांग."

प्रतापसिंहरावांनी आधी समरजितकडे पाहिलं. मग हातातल्या कागदाकडे पाहिलं. तो नीट टाइप केलेला होता, खाली सहीला जागा सोडलेली होती. एका कारखानिसाने काडेपेटी घेऊन वर्तुळाच्या मध्यावर उतरावं आणि त्याला कुठेही अटकाव नसावा, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती, हे त्यांच्या मिशांवरून कळत होतं. भिंतीवरचं घड्याळ वाजलं. समरजित आपल्या नव्या बुटांकडे बघत होता.

"ठराव ठेवा," प्रतापसिंहराव म्हणाले.

समरजितने डोळे मिटले. बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि विचारलं, अनुमोदन कोणाचं. मी हार्नेस मांडीवरून खाली न ठेवता एक हात वर केला.